क्सिनोमाव्रोचा रंग बघून मत बनवू नका

आमची निफाडची बाग खायच्या द्राक्षांची. त्यामुळे उत्तर ग्रीसमधल्या नाऊसाला गेलो, तेव्हा माझी नजर आधी घडांवरच गेली. व्हेर्मिओ डोंगराचा उतार, जिकडेतिकडे पीचच्या बागा आणि त्यांच्या मधूनमधून क्सिनोमाव्रो या वाइनच्या द्राक्षवाणाचे वेल. मणी काळेभोर, पण पेल्यातली वाइन फिकट, कडेला विटकरी झाक असलेली. अशी वाइन पाणचट असेल असं वाटतं. पहिल्या घोटातच तो समज जातो. आंबटपणा धारदार, तुरटपणा जबर, आणि वास उन्हात वाळवलेल्या टोमॅटोचा, काळ्या ऑलिव्हचा.

वाण मात्र शेतकऱ्याची परीक्षा बघणारा. वेल फार जोमदार, विरळणी वेळेवर झाली नाही तर साखर भरत नाही, रंग चढत नाही. पिकतोही उशिरा. ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस आला की घड कुजायला लागतात. अवकाळीत तयार माल गेलेला आपल्याकडचा कुणीही बागायतदार ही धास्ती ओळखेल.

तरीही तो टिकला, याचं मोठं श्रेय मी 1971 सालच्या नियमाला देतो. बाटलीवर नाऊसा लिहायचं तर आत शंभर टक्के क्सिनोमाव्रोच हवं, आणि लाल वाइन किमान वर्षभर लाकडी पिंपात मुरायला हवी. मेर्लोसारख्या गडद वाणाची वाइन मिसळून रंग गडद करायची सोय ठेवलीच नाही, हे फार चांगलं झालं. वाइन बनवणारे यानिस बुतारिस यांनी त्याच सुमारास नाऊसाजवळच्या यानाकोहोरी गावच्या चढावर बाग उभी केली. पुढे ते थेसालोनिकीचे महापौर झाले, पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम ते हेच.

चांगल्या हंगामाची बाटली दहा-पंधरा वर्षं सहज टिकते, तुरटपणा हळूहळू मऊ होतो. ताजी उघडलीत तर तासभर आधी मोठ्या भांड्यात ओतून ठेवा. सोबत यूवेत्सी, म्हणजे टोमॅटोत शिजवलेलं मटण आणि तांदळाच्या आकाराचा पास्ता. टोमॅटोचा आंबटपणा या वाइनला नेमका पेलतो. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र नको, तुरटपणाने तिखट आणखी भडकतं. रस्साच असेल तर डोंगरापलीकडच्या अमिंदेओची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन घ्या, थंडगार करून. तीही क्सिनोमाव्रोचीच.