नवमीचं विवर, दशमीचं विवर

"मॅडम, चंद्रावर पाय न ठेवता तुम्ही तिथला नकाशा मुलांना कसा शिकवता?" कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतो, पालकसभेत येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत आला. परवा ठाणे स्टेशनवर तुम्ही विचारलंत तेव्हा माझी लोकल आली आणि उत्तर अर्धंच राहिलं. म्हणून आता नीट लिहिते.

सुरुवात ठाण्यापासून करते, कारण चंद्राकडे मी ठाण्यामुळेच वळले. आपण सगळे काळ्या दगडावर राहतो. येऊर, पारसिक, मुंब्रा देवीचा कडा, तिकडे खारघरची टेकडी, सगळा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक येत गेले आणि थरावर थर चढले. आजीचा पाटा-वरवंटा त्याचाच आणि आपल्या स्लॅबमधली खडीही त्याचीच. पण हातोडी आणि भिंग देऊन मुलांना पारसिकच्या उतारावर नेलं, की खडक शोधावा लागतो. खाली चाळी, वर झाडी, पायथ्याला खाडीचा चिखल आणि तिवरं. एक उघडा खडक सापडतो, पुढचा सापडेपर्यंत मध्ये नुसतं काँक्रीट. एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे नवख्या मुलाला तिथे पहिल्या दिवशी कसं दिसणार?

चंद्रावर यातलं काही नाही. धूळ आहे, सपाट भागांवर चार-पाच मीटर आणि उंच भागांवर दहा-पंधरा मीटर जाड, पण तिच्याखाली मोठे आकार बुजत नाहीत. वारा-पाऊस नसल्याने तीनशे कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून पडलेलं विवरही ओळखू येतं. म्हणून माझ्या वर्गातला पहिला नकाशा चंद्राचा असतो आणि दुसरा पारसिकचा.

चंद्रावरचे काळे डाग लहानपणी आपल्याला कुणी ना कुणी दाखवलेले असतात. कुणाच्या घरी तो ससा, कुणाच्या घरी हरीण. शशांक आणि मृगांक ही दोन्ही नावं त्यातूनच आली. वर्गात मी सांगते की हा ससा बेसॉल्टचा आहे, थेट पारसिकच्या जातकुळीतला. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी आणलेल्या दगडांत तो होता, टायटॅनियमने भरलेला. मग टेबलावर आपल्याकडचा एक तुकडा ठेवते. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी त्याला भोकं पडलेली आहेत आणि भोकांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेत, काही तर सुईसारखे बारीक. भिंगातून ते बघायला मुलांची झुंबड उडते. चंद्रावरच्या बेसॉल्टलाही अशी भोकं सापडतात, पण ती रिकामी असतात, कारण हे स्फटिक वाढवायला पाणी मुरावं लागतं. एवढ्या एका फरकातून दोन जगांची गोष्ट हातात येते. हा तुकडा हातात देताना मला अजूनही पहिल्या वर्षीइतकाच आनंद होतो.

चंद्राचा उजळ भाग वेगळ्या दगडाचा, अ‍ॅनॉर्थोसाइटचा. २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान या बग्गीने दक्षिण ध्रुवाकडच्या भागात माती तपासली, तीही याच वळणाची निघाली. तेव्हापासून हा शब्द मुलांना पाठ करायला लावावा लागत नाही.

आता नकाशा. प्रत्येकाला एका फोटोची प्रिंट, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल आणि खोडरबर. फोटोत दोन विवरं. एक कोपर्निकस, सुमारे ९३ किलोमीटर रुंद. एक काठ ठाण्यात ठेवला तर दुसरा इगतपुरीच्या पलीकडे जाईल. आपलं लोणार जेमतेम १.८ किलोमीटर, म्हणजे हे त्याच्या पन्नासपट. शेजारी एराटोस्थेनिस, जरा लहान. कोपर्निकसभोवती पांढरे पट्टे लांबवर फेकले गेलेत, रांगोळीची चिमूट जमिनीवर आपटावी तसे. मी एवढंच विचारते, "आधी कोण, नंतर कोण?"

मुलं आधी मोबाईल काढतात. मग तो बंद ठेवायला सांगते. दहा-पंधरा मिनिटं वर्गात नुसती पेन्सिलची खरखर. एका वर्षी कळव्याची एक मुलगी कागदावर नाक टेकवून बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, याचा पांढरा पट्टा त्याच्या अंगावर पडलाय. म्हणजे हे पट्टे पडले तेव्हा ते तिथे होतं." झालं की! जे वर पडलं ते नंतरचं. सतराव्या शतकात स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने खडकांच्या थरांबद्दल मांडलेला नियम तिने एका पट्ट्यावरून वाचला. १९६२ मध्ये शूमेकर आणि हॅकमन या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी चंद्राच्या कालखंडांची मांडणी केली ती याच भागातल्या अशाच निरीक्षणांवरून. ज्यांचे पट्टे अजून उजळ आहेत ती विवरं कोपर्निकसच्या काळातली, ज्यांचे विरून गेलेत ती त्याआधीची, एराटोस्थेनिसच्या काळातली. वर्षांचे आकडे नंतर आले, अपोलोने आणलेल्या दगडांमुळे. कोपर्निकस सुमारे ८० कोटी वर्षांचं मानतात. पण क्रम आधीच लागला होता, तोही पृथ्वीवर बसून. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच.

उरलेलं निम्मं माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. भूशास्त्राच्या नकाशात दोन खडकांमधली सीमा तीन तऱ्हांनी काढतात. प्रत्यक्ष दिसली तर सलग रेघ, अंदाजाने असेल तर तुटक, वरून काही झाकलेलं असेल तर ठिपक्यांची. विद्यार्थी असताना मी सह्याद्रीतल्या एका डोंगराचा नकाशा केला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरेख सलग रेघ, वर छान रंग भरलेले. सरांनी रेघेच्या मधोमध बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे गेली होतीस?" नव्हते गेले. पाय दुखत होते, ऊन चढलं होतं, आणि रेघ तिथूनच जाणार अशी माझी खात्री होती. सर रागावले नाहीत. त्यांनी खोडरबर पुढे केलं. मी ती रेघ तुकड्या-तुकड्याने खोडत गेले. तेव्हा लक्षात आलं, की नकाशा वाचणारा माझ्या रेघेवर विश्वास ठेवून विहीर खणेल, बोगदा काढेल. आज येऊरच्या डोंगराखालून बोरिवलीकडे बोगद्याचं काम चालू आहे, तेव्हा हे वर्गात वेगळं समजावावं लागत नाही. नोकरीचं विचारणाऱ्या पालकांनाही मी हेच सांगते.

चंद्र हे शिकवायला फार चांगला. तिथे आपल्यापैकी कुणीच चालून खात्री करू शकत नाही, त्यामुळे "हे मला दिसलं" आणि "हे मला वाटतं" यांची फारकत पहिल्या तासापासून करावीच लागते. सावलीत बुडालेला काठ दिसत नसेल तर रेघ तुटक. मुलं कुरकुरतात, नकाशा अपुरा दिसतो म्हणतात. मी दिसू देते. तुटक रेघेला मी मार्क कापत नाही. न बघता काढलेल्या सलग रेघेला मात्र कापते.

मग डिसेंबरात, रान वाळलं की, पारसिक. पनवेलजवळून गेलेल्या, खडकांना पडलेल्या मोठ्या वाकेमुळे आपल्याकडचे थर समुद्राच्या बाजूला कललेत, तो कल मोजायचा. कळव्याच्या त्या मुलीने वरच्या बाजूला दोन लोटांमधला लाल मातीचा पट्टा पकडला. दोनशे पावलं सलग रेघ काढली, पुढे झाडीत तुटक केली. तिथून खाली उतरताना ती रेघ वस्तीत शिरली, आणि तिच्या स्वतःच्या चाळीखालून ठिपक्या-ठिपक्यांनी गेली. नकाशा देताना तिने ठिपके मोजून दाखवले नाहीत, बोटाने हळूच चाळ दाखवली.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर शहराच्या उजेडाने चंद्राला काही होत नाही, फक्त पाऊस नको. शुद्ध नवमीला गच्चीवर या, साधी दुर्बीण माझ्याकडे आहे. उजेड-अंधाराच्या सीमेवर त्या रात्री एराटोस्थेनिसवर ऊन पडू लागलेलं असेल आणि कोपर्निकस अजून काळोखात असेल. दशमीला पुन्हा या, मग त्याच्याही काठावर ऊन आलेलं दिसेल. पट्टे मात्र तेव्हा नीट दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पौर्णिमेपर्यंत थांबावं लागेल.