शिफारस झाली, आदेश कुठाय?

लिपिक-टंकलेखक पदासाठी एमपीएससीनं माझी शिफारस केली, त्या संध्याकाळी गावात फटाके वाजले. दोन सत्कार झाले. चौकातल्या फ्लेक्सवर तर माझ्या नावापुढे 'अधिकारी' लागलं. गट 'क' मधली कारकुनी, अधिकारी कुठली! पण त्या गडबडीत दुरुस्त कोण करणार. नियुक्तीचा आदेश हातात पडला तो त्यानंतर अकरा महिन्यांनी.

राज्यघटनेच्या कलम 315 प्रमाणे लोकसेवा आयोग, कलम 320 प्रमाणे त्याची कामं, आयोग फक्त शिफारस करतो आणि नेमणूक शासन करतं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. पेपरात त्याचा एखादा गुण मिळायचा. त्यात अकरा महिने मावतात हे कुठल्या नोट्समध्ये नव्हतं.

कागदपत्रं तपासताना पहिली ठेच लागली. शाळेच्या दाखल्यावर आमचं आडनाव ऱ्हस्व, पदवीवर दीर्घ. एका वेलांटीपायी 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवलं होतं, म्हणून तिथे निभावलं. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापनही द्यायचं होतं. 28 मार्च 2006 नंतरच्या अपत्यांमुळे संख्या दोनच्या वर गेली तर सरकारी नोकरीला अपात्र, हा तो नियम. माझं लग्नच झालेलं नव्हतं. तरी 'हयात अपत्ये : शून्य' लिहून गंभीरपणे सही केली.

वैद्यकीय तपासणी एका दिवसात उरकली. खरी वाट पाहायला लावली चारित्र्य पडताळणीनं. साक्षांकन नमुन्यात मागच्या पाच वर्षांतले पत्ते भरायचे होते. मी इमानदारीनं पुण्यातल्या पेठेतली खोलीही लिहिली, लिहायलाच हवी होती. माहिती लपवली तर पुढे नोकरी जाऊ शकते. त्यामुळे माझा कागद गावाकडच्या ठाण्यातून पुण्याला निघाला आणि मधेच कुठेतरी बसून राहिला.

मी दर आठवड्याला विभागात फोन करायची. उत्तर ठरलेलं, "मॅडम, प्रक्रियेत आहे." सात महिने हे ऐकल्यावर माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि आपल्याकडे अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा. मला चाळीस पुरले : माझ्या पडताळणीचा अहवाल कोणत्या तारखेला मागवला, आला का, नसेल तर कोणाकडे आहे? तीस दिवसांच्या आत दोन ओळींचं उत्तर आलं. अहवाल अप्राप्त, सोबत पत्राचा जावक क्रमांक. तो क्रमांक घेऊन मी स्वतः ठाण्यात गेले. क्रमांक सांगितल्यावर हवालदारांनी गठ्ठ्यातून कागद दहा मिनिटांत काढला. नंतर खोलीमालकीण काकूंचा फोन आला, "पोलीस येऊन गेले गं, काय केलंस तू?"

आदेश आला तसं लगेच बाडबिस्तरा बांधला. रुजू व्हायच्या दिवशी एसटी उशिरा पोचली. पावणेबाराला कार्यालयात शिरले, तर आस्थापनेतले भाऊसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "ताई, पाणी नंतर प्या. आधी रुजू अहवालावर सही करा, मध्यान्हपूर्व लिहा." बाराच्या आत सही झाली की त्या दिवसापासून सेवा धरतात. मग सेवापुस्तक उघडलं, अंगठे-बोटांचे ठसे घेतले. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात लिहिल्यावर त्यांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली. ती बदलायचा अर्ज करायला पाच वर्षांचीच मुदत असते, म्हणून आत्ताच बघून घ्या, म्हणाले.

पहिल्या महिन्यात पगार झाला नाही. सेवार्थ या पगाराच्या प्रणालीत नाव चढायचं होतं, पेन्शन खात्याचा प्राण क्रमांक निघायचा होता. दोन महिन्यांचा एकदम आला, दहा टक्के एनपीएस या पेन्शन योजनेला कापून. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "मग आता तू अधिकारी नाहीस ना?"