कोपर आणि मॅट
आज शेवटी गच्चीवरची गोल्फच्या सरावाची ती पातळ मॅट गुंडाळली. खाली काँक्रीट, वर जेमतेम गवत, सात नंबरची आयर्न (गोल्फचा क्लब, म्हणजे काठी) बॉलच्या जरा मागे आदळली की झटका सरळ कोपरात, आणि डॉक्टर म्हणाले आतल्या बाजूला दुखतंय म्हणजे गोल्फर्स एल्बो, बाहेरून असतं तर टेनिस एल्बो (चला, आजार तरी आपल्याच खेळाचा!). मग दुकानात तासभर मॅटा दाबत बसलो, शेवटी जाड फोमवाली घेतली, हिच्यात लाकडी टी (बॉल ठेवायची खुंटी) रुततो, क्लब उसळत नाही. महाग आहे, बायकोने किंमत दोनदा विचारली. गंमत म्हणजे जुनीवर क्लब घसरून चुकलेला फटकाही मस्त जायचा, हिच्यावर सगळी पोल उघडी पडतीये. पण उभं राहायला तेवढ्याच उंचीचं काहीतरी लागतं हे विसरलोच, सध्या जुनीचीच घडी पायाखाली.