एका आडनावाची तीन रूपे

२३ ऑक्टोबर २०२४, बुधवार. दुपारी कामावर आलो तेव्हा बेसबॉलमधील मेक्सिकन पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) फर्नांडो वालेन्झुएला यांच्या निधनाची बातमी येऊन काही तास झाले होते. मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात मी बरीच वर्षे उपसंपादक आहे. बेसबॉलची बातमी आमच्या पानावर तीन-चार ओळींपलीकडे गेल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि मोकळ्या झालेल्या जागेत चौकट करायचे ठरले.

मजकूर भराभर झाला, कारण गोष्टच तशी होती. सोनोरा राज्यातील एचोवाकिला या खेड्यातला, बारा भावंडांत धाकटा असलेला हा डावखुरा मुलगा १९८१ मध्ये, विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी संघाकडून मोसमाच्या पहिल्याच सामन्यात पिचिंगला उभा राहिला, सुरुवात केलेले पहिले आठही सामने त्याने जिंकले, त्यांतील पाचांत समोरच्यांना एकही धाव करू दिली नाही आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम पिचर असे दोन्ही सन्मान मिळवले.

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचे पान सुटले आणि त्यानंतर मी त्याची प्रत हातात घेतली. मथळ्यात ‘व्हॅलेन्झुएला’, मजकुरात ‘वालेन्स्वेला’ आणि छायाचित्राखाली चक्क ‘अंग्वामेआ’. मजकूर माझा होता, मथळा पान लावणाऱ्या सहकाऱ्याचा. कॅप्शन लिहिणाऱ्या नव्या मुलाला कुठेतरी फर्नांडो वालेन्झुएला अंग्वामेआ असे पूर्ण नाव सापडले होते आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असे त्याने गृहीत धरले. स्पॅनिश रीतीत आधी वडिलांचे आडनाव येते आणि त्यामागून आईचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. पान सोडण्याआधी कॅप्शन वाचणे माझे काम होते.

शहर आवृत्तीला दीड तास होता. माझे म्हणणे असे की, मूळ उच्चार लिहायला देवनागरी इंग्रजीपेक्षा अधिक सोयीची आहे. मेक्सिकोत ‘झेड’चा उच्चार सरळ ‘स’ होतो. स्पेनच्या बऱ्याच भागांत तो ‘थ’कडे झुकतो, पण हा माणूस सोनोराचा. पुढचे ‘उए’ एकाच अक्षरात, ‘स्वे’ असे, उच्चारले जाते. ‘फर्नांडो’नंतर येणारा ‘व्ही’ दोन ओठ जेमतेम जवळ आणून होतो, म्हणजे आपल्या ‘व’च्या शेजारचा; ‘व्ह’ आणि ‘ॲ’ हे दोन्ही आपण इंग्रजीच्या वाटेने आणलेले. शिवाय मराठी ‘झ’ ‘झाडा’तला की ‘झेंड्या’तला, हे वाचकाला कळणार कसे? १९८१ मध्ये वालेन्झुएला यांचे दुभाषी झालेले डॉजर्सचे तेव्हाचे स्पॅनिश समालोचक हाइमे हारिन यांचे एक ध्वनिमुद्रण मी सगळ्यांना तीनदा ऐकवले. तिन्ही वेळा ‘स’ स्पष्ट ऐकू आला.

मुख्य उपसंपादकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आपण व्हेनेझुएला कसे लिहितो?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. तोच शेवट, तीच अक्षरे, आणि देशाचे ते नाव तर शाळेच्या नकाशापासून वाचकाच्या डोळ्यांत बसलेले. “अहो, उद्या तुम्ही तेही व्हेनेस्वेला कराल,” ते म्हणाले. मला ते करायला आवडले असते, हे मी बोललो नाही. शेवटी ‘वालेन्झुएला’ ठरले: पहिले अक्षर माझे, झुएला त्यांचे. भाषाशास्त्राच्या कोणत्याही नियमात न बसणारी ही तडजोड होती, पण मथळा, मजकूर आणि कॅप्शन यांत निदान माणूस एकच राहिला. या लेखातही मी तेच रूप पाळले आहे.

शनिवारी वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, पहिल्या सामन्याची छायाचित्रे आली. डॉजर्सच्या खेळाडूंच्या बाहीवर श्रद्धांजलीची काळी पट्टी होती आणि तिच्यावर आडनाव नव्हतेच. फक्त फर्नांडो आणि त्यांचा ३४ हा क्रमांक. “सुटलो एकदाचे,” मथळा देणारा सहकारी म्हणाला. स्पॅनिशमध्ये तो ‘ड’ नसून आपला दंत्य ‘द’ आहे आणि नाव खरे तर ‘फेर्नांदो’ आहे, हे त्याला सांगावे की नाही, याचा विचार करत मी कॅप्शन लिहायला घेतली.