तळणीच्या तेलाचे डिझेल घरी करावे का?

मी रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करण्याचे प्रात्यक्षिक दरवर्षी होते. हे ज्यांना ठाऊक आहे ते, विशेषतः दिवाळीचा फराळ उरकल्यावर, मला हमखास विचारतात: कढईत उरलेल्या तेलाचे डिझेल घरी करता येईल का? तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते. करता येते, पण घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ही क्रिया अवघड आहे हे त्याचे कारण नव्हे.

क्रिया खरोखर सोपी आहे. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लाच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोडा विरघळवलेले मिथेनॉल कोमट तेलात मिसळून ते मिश्रण साधारण 55 अंश सेल्सिअसवर तासभर ढवळत ठेवले, की त्या साखळ्या ग्लिसरीनपासून सुटून मिथेनॉलशी जोडल्या जातात. मिश्रण रात्रभर स्थिर ठेवल्यावर जड, तपकिरी ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर पिवळसर, पातळ बायोडिझेल राहते. एक लिटर तेलाला सुमारे 200 मिलिलिटर मिथेनॉल लागते आणि जवळपास लिटरभर इंधन मिळते. ते पातळ होणे महत्त्वाचे, कारण मूळ तेल डिझेलच्या साधारण दहापट दाट असते आणि इंजिनात त्याचा बारीक फवारा नीट होत नाही.

खरी परीक्षा असते ती तेलाची. बटाटेवडा किंवा भजी तेलात सोडताच पदार्थातले पाणी तडतडत बाहेर पडते, आणि त्या उष्णतेत हेच पाणी तेलाचे थोडे थोडे विघटन करून मेदाम्ले मोकळी करते. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले तर ही आम्ले वाढत जातात. ती कॉस्टिक सोड्याशी लगेच संयोग पावून साबण तयार करतात, आणि साबण झाला की ग्लिसरीन व इंधन वेगळे होण्याऐवजी सगळ्याचा फेसाळ चिखल होतो. म्हणून प्रत्येक डब्यातले तेल आधी तपासावेच लागते. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपून द्रावण अल्कली झाले की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाकायचे आणि लिटरभर पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा असलेले द्रावण, गुलाबी रंग टिकेपर्यंत, थेंबाथेंबाने सोडायचे. जितके मिलिलिटर द्रावण लागेल तितके ग्रॅम कॉस्टिक सोडा, ताज्या तेलाला लागणाऱ्या साडेतीन ग्रॅमशिवाय, प्रत्येक लिटरमागे जास्तीचा घ्यायचा. दोन घरांच्या तेलांमध्ये पडणारा फरक इथे आकड्यात दिसतो, म्हणून संपूर्ण प्रात्यक्षिकात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता घरी का नको ते सांगते. मिथेनॉल 64.7 अंशांवर उकळते, त्यामुळे 55 अंशांवर त्याची वाफ भरपूर निघते. ती सहज पेट घेते आणि तिची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसतही नाही. स्वयंपाकघरात शेगडी असते, मुले असतात, हवा खेळती असेलच असे नाही. मिथेनॉल श्वासावाटे आणि त्वचेतूनही शरीरात जाते, आणि पोटात गेलेले थोडेसे मिथेनॉलही दृष्टी किंवा जीव घेऊ शकते. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, त्या दारूत मिथेनॉलच होते. असे रसायन बाटलीत भरून घरातल्या फळीवर ठेवण्याची कल्पनाही मला सहन होत नाही.

शिवाय तयार झालेले इंधन लगेच टाकीत ओतता येत नाही. उरलेले मिथेनॉल आणि साबण काढण्यासाठी ते पाण्याने धुवावे लागते, मग पूर्ण कोरडे करावे लागते. भारतात बायोडिझेलसाठी आयएस 15607 हे मानक आहे आणि त्यातल्या बहुतेक चाचण्या घरी होऊ शकत नाहीत. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या शुद्ध बायोडिझेलने फुगतात, टाकीतला साचलेला गाळ सुटून फिल्टर तुंबतो. पामतेलाचे बायोडिझेल तर 15 अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते, म्हणजे निफाडच्या थंडीत त्याचा उपयोग शून्य.

तेल मात्र वाया घालवू नका. मोरीत तर मुळीच ओतू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांना, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणाऱ्या विघटित घटकांना, 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि त्याच वर्षी वापरलेले तेल बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ योजना सुरू केली. दिवसाला 50 लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. घरी एवढेच करावे: तेल थंड झाल्यावर फडक्यातून गाळून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात साठवावे, त्यात पाणी जाऊ देऊ नये, आणि सोसायटीतल्या चार घरांनी मिळून ते अधिकृत संकलकाकडे द्यावे. देताना ते कोणत्या बायोडिझेल कारखान्यात जाते हे विचारावे आणि पावती मागावी, कारण हेच काळे तेल स्वस्तात विकले जाऊन पुन्हा एखाद्या गाडीवरच्या कढईत पोहोचू शकते.