हृदयाची निजायची वेळ

मिनिटाला 60 ठोके, म्हणजे सेकंदाला बरोबर एक. पेसमेकर, म्हणजे हृदय मंदावलं की ठोका देणारं यंत्र, बसवला की किमान गती बहुतेकदा हीच ठेवतात. दिवसा तिची आठवणही होत नाही. रात्री डाव्या कुशीवर वळलं आणि उशीवर दबलेल्या कानात आपलेच ठोके घुमायला लागले, की मग कळतं, भिंतीवरचं घड्याळ आणि आपण एकाच तालावर चाललो आहोत. दिवसा कोणाला सांगताना मजा वाटते. रात्री दोन वाजता मुळीच नाही.

निरोगी माणसाचं हृदय झोपेत बरंच मंदावतं, पन्नाशीपर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरतं. ज्याला साठाच्या खाली पाऊल टाकायची मनाई आहे, ते उतरणार कुठे? सगळ्यांनाच हे जाचतं असं नाही. साठावर खुशाल घोरणारेही असतात. मला मात्र सारखं वाटायचं, आपण आडवे झालो, पण छातीतलं कोणीतरी अजून कामावरच आहे.

हे चोचले आहेत, हे मान्य. 1958 साली स्वीडनमध्ये अर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. पुढे वीसहून अधिक यंत्रं बदलत ते 2001 पर्यंत जगले. सुरुवातीची यंत्रं एकाच ठरलेल्या गतीने चालायची. जिने चढा नाहीतर झोपा, ठोका तोच. तेव्हा ‘झोप नीट लागते का’ असं कोण विचारत बसणार?

आता छातीवर, यंत्राशी बाहेरूनच बोलणारा एक चपटा तुकडा ठेवतात, समोरच्या पडद्यावर आकडा बदलतात, झालं. कापाकापी नाही, दुखणं नाही. काही यंत्रांत रात्रीची वेगळी गती ठेवायची सोय असते, दिवसा 60 आणि रात्री 50, अशी. आठ तासांचे 4,800 ठोके वाचतात. त्यातले यंत्राला स्वतः द्यावे लागले असते तेवढे बॅटरीच्या पथ्यावर पडतात.

पण यंत्राला रात्र झाली हे कळायचं कसं? इथे खरी गंमत आहे. काही यंत्रं निव्वळ घड्याळावर चालतात. निजायची वेळ आणि उठायची वेळ एकदा भरून टाकली, की तुम्ही लग्नाच्या मांडवात असा नाहीतर कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात, हृदय आपलं ठरल्या वेळी आवरायला घेतं. विमानाने दूरच्या देशी गेलात तर तेही मनाने मागेच राहतं. तिथल्या भर दुपारी त्याची मध्यरात्र चालू. दुसऱ्या प्रकारची यंत्रं हालचालीवर लक्ष ठेवतात. बराच वेळ अंग हललं नाही, की माणूस विसावला असं धरून गती खाली आणतात. ही तऱ्हा शहाणी वाटते खरी. पण हालचाल टिपणाऱ्या त्याच सेन्सरकडे गती वाढवायचंही काम असतं. झोप येत नाही म्हणून तुम्ही तळमळत या कुशीवरून त्या कुशीवर होता, आणि सेन्सर फार चढा ठेवलेला असेल तर त्याला वाटतं, मंडळी व्यायामाला लागली! मग तो ठोके वाढवतो, आणि उरलीसुरली झोपही जाते. हा चढेपणाही कमी करून घेता येतो.

शिवाय काही यंत्रं रात्री एकच्या सुमारास स्वतःचीच परीक्षा घेतात. किती हलका झटका दिला तरी हृदय दाद देतं, ते तपासतात. रुग्ण झोपलेला असतो, त्याला कळणार नाही, हा त्यामागचा हिशेब. काहींना ते कळतं आणि जाग येते. ‘मला रोज त्याच वेळी छातीत काहीतरी होतं’ असं सांगणाऱ्याला भास होतात म्हणण्याआधी यंत्राची वेळ पाहावी, असं माझं प्रांजळ मत आहे.

गती कमी केली की झोप सुधारते, असा सरळ नियमही नाही. 2002 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नेमकं उलट केलं होतं. झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांची रात्रीची गती त्यांनी 15 ठोक्यांनी वाढवली आणि श्वास अडकणं कमी झाल्याचं नोंदवलं. पुढच्या अभ्यासांत तो गुण काही आला नाही. लाँग क्यूटीसारख्या आजारात, म्हणजे ठोक्यानंतर पुन्हा सज्ज व्हायला हृदयाला जास्त वेळ लागतो तिथे, तर गती मुद्दामच चढी ठेवावी लागते. तिथे ‘मला पन्नास करून द्या’ हा हट्ट महागात पडेल. आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. आपण रात्रीची तक्रार मांडायची, आणि ती मांडावीच लागते. तपासणी होते दिवसाउजेडी, जाग्या माणसाची. बॅटरी उत्तम, लीड म्हणजे हृदयापर्यंत जाणारी तार उत्तम, पुढची तारीख घ्या. झोपेचा विषय कोणी आपणहून काढत नाही.

मी काढला. डॉक्टरांनी कागद चाळून होकार दिला. तंत्रज्ञ मुलीने विचारलं, “काका, झोपता किती वाजता?”

“दहा,” मी म्हणालो.

“दहाला दिवा बंद होतो,” शेजारून ही म्हणाली. “नंतर बारापर्यंत मोबाइल.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि बारा भरले.