आमचाच निबंध आमच्या पेटंटच्या आड आला

अमेरिकेतल्या आमच्या पेटंट अर्जावर परीक्षकांचं पहिलं पत्र आलं, ते मी उभ्यानेच वाचलं. ई. कोलाय जिवाणूंकडून एक मानवी प्रथिन विरघळलेल्या रूपात बनवून घेण्याची ही पद्धत. सगळे दावे फेटाळले होते. कारण, या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं. पुरावा म्हणून जोडलेल्या दोन निबंधांपैकी एक आमचाच! अर्जाच्या पंधरा महिने आधी छापलेला. तिथे स्वतःच्या प्रकाशनाला एका वर्षाची सवलत असते, ती आम्ही हातची घालवली होती.

"पण हे जमेल याची खात्री कुणालाच नव्हती," मी वकीलबाईंना तावातावाने म्हणाले. त्यांनी ओ'फॅरेल खटल्याचा १९८८ चा निकाल पुढे ठेवला. तोही जिवाणूंकडून प्रथिन बनवण्याचाच अर्ज, आणि तिथेही तिघांपैकी दोन संशोधकांचा जुना निबंध आडवा आलेला. त्यात बेडकाचं जनुक जिवाणूच्या जनुकाला जोडून त्याचा आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, मिळवला होता, आणि प्रथिनाचं जनुक जोडलं तर प्रथिनही मिळेल असं सुचवलं होतं. न्यायालय म्हणालं, यशाची पक्की खात्री लागत नाही, वाजवी अपेक्षा पुरते. माझा मुद्दा तिथेच संपला.

मग मी जुन्या वह्या काढल्या. आमच्या निबंधात माल्टोज बाइंडिंग प्रोटीन (दुसऱ्या प्रथिनाला विरघळलेलं ठेवायला जोडतात ते प्रथिन) आणि आमचं प्रथिन यांच्यामध्ये ग्लायसीन-सेरीन या अमिनो आम्लांचा लवचीक दुवा होता, आणि तसाच दुवा वापरावा असा सल्लाही आम्हीच दिला होता. प्रत्यक्षात त्याने प्रथिनाच्या गुठळ्याच जास्त व्हायच्या. ताठ दुवा घातला तेव्हा कुठे ते विरघळलेलं राहिलं. जाणकाराची अपेक्षा नेमकी उलटी असती!

हे प्रतिज्ञापत्रावर मांडलं. परीक्षकांची हरकत आली: तुलना सर्वांत जवळच्या जुन्या कामाशी हवी. रास्तच होतं ते. आमच्याच निबंधातली रचना पुन्हा बनवून दोन्ही एकाच दिवशी, एकाच माध्यमात वाढवल्या. दुसरी हरकत जास्त लागली: आकडे एकाच लांबीच्या ताठ दुव्याचे आणि दावा मात्र कुठल्याही दुव्यावर. तो दावा सोडताना जिवावर आलं, कारण मूळ कल्पना तीच होती. पण इतर दुव्यांचे प्रयोग आम्ही केलेच नव्हते.

अखेर त्या एका दुव्यापुरते दावे मंजूर झाले. गुठळ्यांच्या नोंदी असलेलं वहीचं ते पान मी "फसलं" असा शेरा मारून दुमडून ठेवलं होतं. त्याची प्रत आता प्रतिज्ञापत्राला जोडलेली आहे.